टिपण

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
जिथे कुत्र्यांच्या पाठीवरही पांढरी लव बसलेली असते,
तिथे मी कापसाला तहान लावते.

कापूस म्हणजे ज्याचं सूत निघतं तो नव्हे.
सरकीला चिकटून राहिलेले, कुणालाच नको असलेले आखूड केस,
कडीच्या तेलगिरण्यांतून पोत्यांनी येतात.
जयंतीभाई त्यांना कॉस्टिकच्या टाकीत बुडवतात.
ते फुगतात, पिवळे पडतात, रुसल्यासारखे घट्ट होतात.
मग आम्ल, मग स्पिरिटच्या तीन आंघोळी,
आणि वाळवण्याआधी गाठी.

गाठी दिसत नाहीत. मोजून द्याव्या लागतात.
कमी पडल्या तर धागा पाणी पिता पिता स्वतःच पाणी होतो,
बीकरात नुसता शेंबूड उरतो.
जास्त पडल्या तर हळदीकुंकवाला आलेल्या नव्या शेजारणीसारखा
नको नको म्हणत कोरडाच बसून राहतो.

नोंदवहीत रकाना होता: शोषणक्षमता.
युनियनचे मोरेश्वर शिर्के एकदा वाचून हसले,
म्हणाले, ताई, ती तर शेठकडे भरपूर आहे,
तुमचा काटा पुरायचा नाही.
तेव्हापासून मी तो शब्द सोडला. लिहिते,
किती टिपलं. किती धरलं.
दाबल्यावर किती सोडलं.

वडील दांडिया बाजारच्या पतपेढीत कारकून होते.
टिपकागदाचा अर्धगोल ठोकळा सहीवर डुलवायचे,
एकदा, दोनदा, हलक्या हाताने.
वापरलेले तुकडे घरी आणायचे. मी ते आरशासमोर धरून
उलट्या सह्या सुलट करून वाचायचे.
शाई उचलून घेणं आणि लिहून ठेवणं
यांना भाषेने एकच शब्द का दिला असेल,
तेव्हा कळलं नाही. आताही अर्धंच कळतं.

काल रात्री बॅच एकशे चौदा.
एक ग्रॅम धागा चहाच्या पुडीएवढ्या पिशवीत,
अर्धा तास बुडवून, दहा मिनिटं दोरीला चिमट्याने.
डिस्टिल्ड वॉटरमध्ये बासष्ट ग्रॅम.
मिठाच्या पाण्यात एकोणीस.
तोच धागा, त्याच गाठी.

सकाळी धवलभाईंनी माहितीपत्रकाचा नमुना पुढे केला,
ठळक अक्षरात बासष्ट.
सही करा ना ताई, खोटं कुठे आहे?

खोटं नाहीच.
फक्त माणसातून जे जे निघतं
ते सगळं खारट असतं, धवलभाई.
घाम, लघवी, पाळीचं रक्त, टाक्यांतून झिरपणारी लस.
डिस्टिल्ड वॉटर पितात त्या बॅटऱ्या.

ते बघत राहिले. पंख्याने उडणारी लव
त्यांच्या भुवयांवर येऊन बसत होती.
मी बासष्टवर काट मारली, एकोणीस लिहिलं.
त्याखाली, वजन ठेवल्यावर: अकरा.
त्याखाली सही, आणि सही वाळेपर्यंत
कुणी काही बोललं नाही.

ऑर्डर राहिली की गेली, अजून माहीत नाही.

दुपारी जयंतीभाई दाराशी आले,
सोललेले हात पाठीमागे धरून.
बायको सयाजीत आहे. पोटाचे टाके ओले राहतायत.
गाद्या असतील का दोन-चार?
नापास झालेल्यासुद्धा चालतील.

मी एकशे चौदामधल्या सहा बांधून दिल्या.
सकाळपर्यंत चालेल ना एक?
बासष्टवर माझा विश्वास असता तर हो म्हणाले असते.
तीन तास, म्हटलं. मग बदला. ओली दिसली नाही तरी बदला.

त्यांनी तळहातावर पेनाने ३ लिहून घेतलं.
मागे दोरीवरून एक थेंब पडला.
मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं बाकी होती.